चौथ्या रविवारचं दार

नाताळच्या आधीचे चार रविवार आम्ही मोहाडीचे ख्रिस्ती लोक एकमेकांच्या दाराबाहेर थंडीत उभे राहतो. हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेलं नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा भंडाऱ्याहून येतात, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी ते सरळ कडी वाजवायला पुढे झाले आणि एका म्हातारीने मागून त्यांचा हात धरला. या सगळ्याला कारण माझा आजा.

आजा सिहोऱ्याकडचा ढिवर. तलावात जाळं टाकायचं, शिंगाडे काढायचे आणि उरलेल्या वेळात भांडायचं, असा त्याचा दिनक्रम होता. ख्रिस्ती झाल्यावर पहिल्याच डिसेंबरात त्याला कोणीतरी बेथलेहेमची गोष्ट सांगितली. दिवस भरलेली बाई, परकं गाव आणि उतरायला जागा नाही. आजा म्हणे मधेच उठून उभा राहिला. "बाळंतीण दारात आली अन् जागा नाही म्हनते? कोन होता तो? नाव सांगा त्याचं." नाव पुस्तकात नव्हतं. आजाचं समाधान झालं नाही. अपराधी सापडत नाही म्हटल्यावर त्याने शिक्षा आपल्याच लोकांना वाटून दिली.

नियम असा. आगमनकाळाच्या चार रविवारी चार घरं. दिवेलागणीला घरच्यांनी दार लावून आत बसायचं. बाकीच्यांनी अंगणात उभं राहून विचारायचं, "जागा हाय का?" मग घरातल्या थोरल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने आतून सांगायचं, "हाव, हाय. या." उत्तर येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही आणि घरीही परतायचं नाही. आत गेल्यावर नव्या धानाने भरलेल्या परातीत मेणबत्ती लावायची. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चौथ्या रविवारी चार.

ऐकायला सोपं आहे. पण एका वर्षी एक बहिरे गृहस्थ आत झोपून गेले. आम्हाला येत होती तेवढी सगळी गीतं आम्ही अंगणात म्हणून संपवली. शेवटी त्यांच्या सुनेने मागच्या दाराने जाऊन त्यांना चिमटा काढला, तेव्हा आतून "कोन हाय बे?" अशी डरकाळी आली. हे उत्तर धरायचं की नाही, यावर बाहेर दोन तट पडले. दुसऱ्या एका घरधन्याचं मेहुण्याशी वाकडं होतं. आम्ही जागा विचारल्यावर त्याने आतूनच उलट विचारलं, "साळा आला काय सोबत?"

"आला."

"मंग विचार करून सांगतो."

त्याचा विचार होईपर्यंत माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. हे किस्से मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी त्यात मिनिटं वाढतात. त्याबद्दल माझी बायको तुम्हाला वेगळं सांगेल.

चौथा रविवार आमच्या दादाच्या घरचा. वडील गेल्यापासून तसंच ठरलेलं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्हा दोघांचं मिळून मंडप-डेकोरेशनचं दुकान: खुर्च्या, सतरंज्या, लाऊडस्पीकर आणि एक ऑटो. खुर्च्या उचलणं माझ्याकडे, बोलणं दादाकडे. त्यातही दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू झाला की मी गावोगावच्या नाटकांत कामं करायला पळायचो. तरुणपणी मी नायिका होतो. पोट सुटल्यावर सासू झालो. सध्या मामा आहे.

दादा मात्र एकच काम करायचा. ऑटोत माइक घेऊन बसायचा आणि मोहाडीपासून आंधळगावपर्यंत पुकारा करत जायचा. नाटक आहे, लसीकरण आहे, नळ येणार नाही, म्हैस हरवली, अमक्याचं निधन झालं. सुरुवात ठरलेली असायची. "मायबापहो, जरा थांबा." एवढं म्हणून तो दोन श्वास गप्प राहायचा. त्या दोन श्वासांत सायकलवाला पाय टेकायचा, भाजीवाली तराजू धरून ठेवायची, धान कापणाऱ्या बाया बांधावरून मान वर करायच्या. मग तो सांगायचा. म्हशीचं वर्णन असं करायचा की लोकांना ती आपलीच हरवली असं वाटावं. कितीतरी गावं त्याला आवाजाने ओळखायची, आणि तोच समोर उभा राहिला तर "कोन पाहिजे?" विचारायची.

तोंडात खर्रा ठेवूनही तो स्पष्ट बोलायचा, याचं लोकांना कौतुक होतं. मलाही होतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून त्याचा खर्रा तयार करून मीच त्याच्या हातात द्यायचो. पाहुण्याला पाणी द्यावं इतक्या सहज.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्याच्या जिभेखाली पांढरा चट्टा दिसला. पोळ्यानंतर तो नागपूरला गेला आणि परत आला तेव्हा जिभेचा मोठा भाग आणि डावीकडचा जबडा तिकडेच राहिला होता. नाकात नळी होती. डॉक्टर म्हणाले, घसा शाबूत आहे, आवाज निघेल, पण शब्द होणार नाहीत. हळूहळू सराव करा. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याने वहिनीला हाक मारून पाहिली होती. जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खाटेवरच्या माणसाने घाबरून नर्सला बोलावलं, याला काहीतरी होऊन राहिलं म्हणून. नर्स धावत आली. दादाने हातानेच सांगितलं, काही नाही. त्यानंतर त्याने आवाज केला नाही.

घरी आल्यावर तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. कोणाला भेटायचं नाही. बोलायला शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. खोकला आला तरी चेहऱ्याभोवती गुंडाळलेला दुपट्टा तोंडात कोंबून खोकायचा. दिवाळीनंतर त्याने नळीतून येणारं दूधही हाताने अडवायला सुरुवात केली. वहिनी रोज वाटी घेऊन बसायची आणि बहुतेक वेळा भरलेलीच परत आणायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर दुखण्याच्या आधी उपासाने जाईल.

"भिंतीकडे तोंड करून पडून रायते, भाऊजी," ती मला म्हणाली. "मी बोलते तं भिंतच आयकते."

आता माझा पराक्रम सांगतो. लहानपणापासून मला दादाचा आवाज हुबेहूब काढता येतो. शाळेत तो तलावावर पोहायला गेलेला असला की त्याच्या वर्गाच्या खिडकीखाली बसून मी त्याची हजेरी द्यायचो. वडीलसुद्धा फसायचे. मंडईचा हंगाम तोंडावर आला आणि आंधळगावचे नाटकवाले दुकानात आले. त्यांना पुकारा हवा होता. दादा आजारी आहे म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. "तोच आवाज पाहिजे होता ना. त्याच्याशिवाय लोक येत नाहीत." माझ्यातला नट जागा झाला. मी खुर्च्यांच्या चळतीमागे गेलो आणि तिथून म्हणालो, "मायबापहो, जरा थांबा." दोन श्वास थांबलो. बाहेर आलो तेव्हा ते तिघे आतल्या दाराकडे बघत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

त्यानंतर महिनाभर मी दादा होतो. माइक हातात घेतला की त्याच्यासारखाच डावा कान झाकायचो. लोक म्हणायचे, बरा झाला वाटते भाऊ. मी काही बोलायचो नाही. ऑटो दादाच्या घरावरूनच जायचा, कारण मोठा रस्ता तोच आहे. दुसरा रस्ता नव्हता असं मी तुम्हाला सांगू शकतो. होता. तलावाच्या पाळीवरून.

एका संध्याकाळी मी त्याला भेटायला गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी पाटी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, "मेलो नाही अजून."

मी हसलो. दादाच्या अशा थट्टेची मला सवय होती. घरी येऊन बायकोला सांगितलं, दादा मूडमध्ये आहे, विनोद करतो आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो.

अशात आगमनकाळ आला. शेतात कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचले होते, मळणीयंत्रांची घरघर दिवसभर चालू होती, हवेत भुशाची धूळ. पहिला रविवार माझ्या घरी, आशेचा. मी आतून असं काही "हाव, हाय. या." म्हणालो की बायकोने डोक्याला हात लावला. दुसरा रविवार नर्सबाईंच्या घरी. या बाई निवृत्त होऊनही जमाना झाला. मोहाडीतल्या निम्म्या लोकांना आयुष्यातली पहिली चापट त्यांनीच मारलेली आहे, आणि तो अधिकार त्यांनी सोडलेला नाही. पाळकसाहेबांचा हात धरणारी म्हातारी ती हीच.

तिसरा रविवार आनंदाचा. त्या दिवशीची मेणबत्ती गुलाबी लागते, बाकीच्या जांभळ्या. आमच्याकडे दोन्ही मिळत नाहीत. पांढऱ्या मेणबत्त्यांना आम्ही जांभळा पतंगी कागद गुंडाळतो. त्या वर्षी गुलाबी कागद संपला होता, म्हणून मी माझ्या मेकअपच्या पेटीतली लाली काढून एक मेणबत्ती चांगली चोळून काढली. सासूच्या भूमिकेची लाली, थोडी जुनी. पेटवल्यावर तडतडली आणि खोबरेल तेल करपल्यासारखा वास सुटला. नर्सबाई म्हणाल्या, "आनंदाले असा वास येते हे मले माहीत नव्हतं."

त्या दिवशी कोणी फारसं हसलं नाही. सगळ्यांच्या मनात पुढचा रविवार होता. प्रार्थनेनंतर मीच विषय काढला. म्हणालो, या वर्षी चौथा रविवारही माझ्याच घरी करू. दादाला त्रास कशाला.

"काहून?" नर्सबाईंनी विचारलं.

"तो बोलू शकत नाही, बाई. दाराआडून उत्तर कोण देणार?"

"घर त्याचं हाय का नाही?"

"आहे."

"मंग आमी विचारू. द्याचं का नाही ते तो पाहीन."

वहिनी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "त्यानं नाही देल्लं तं?"

"तं उभे राहू," नर्सबाई म्हणाल्या. "आपल्याले काय काम हाय दुसरं?"

वहिनीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवलं नाही. आपल्या दारात माणसं उभी राहणार आणि आत आपला माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असणार. सकाळपर्यंत साऱ्या मोहाडीत होईल की त्या घराने जागा नाही म्हटलं. तिला घरी सोडायला जाताना मी माझी योजना सांगितली. मी मागच्या दाराने आत येईन, दाराआड उभा राहीन आणि दादाच्या आवाजात उत्तर देईन. लोकांना कळणार नाही. दादाला उठावं लागणार नाही. सगळ्यांची लाज राहील.

ती म्हणाली, "करा बाप्पा तुमचं नाटक. पन त्याईले सांगून करा."

मी दादाला सांगितलं. पूर्ण योजना, अभिनयासकट. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. माझं झाल्यावर त्याने पाटी उचलली, कोरी बाजू माझ्याकडे केली आणि खाली ठेवली. मी ती संमती मानली. नटाला समोर कोरी पाटी दिसली की तो तिच्यावर टाळ्या लिहून घेतो.

चौथ्या रविवारी मी अंधार पडता पडता मागच्या दाराने आत शिरलो. घर सारवलेलं होतं. वहिनीने परातीत नवं धान भरून चार मेणबत्त्या रोवून ठेवल्या होत्या, त्यात माझी लालीवाली अर्धी जळालेली. चुलीवर शिंगाडे उकडत होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी पुढच्या दाराआड जागा घेतली, घसा साफ केला, डावा कान झाकला. खरं सांगायचं तर पडदा उघडायच्या आधीसारखं वाटत होतं. मला मजा येत होती.

बाहेर पावलं वाजली, खोकले वाजले, एक गीत म्हटलं गेलं. मग सगळ्यांनी मिळून विचारलं, "जागा हाय का?"

मी दोन श्वास थांबलो. आणि मग, तेवढ्यावर न भागवता, म्हणालो, "मायबापहो, जरा थांबा. हाव, हाय. या."

आवाज सुंदर लागला होता. भिंतींनी तो घेतला आणि घरभर फिरवला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पदर तोंडाशी धरून उभी राहिली. चार महिन्यांनी त्या घरात तिने तो आवाज ऐकला होता. रस्त्यावरून जाणारा सोडून.

बाहेर कोणी हललं नाही.

मग नर्सबाईंचा आवाज आला, रोज तापमान सांगावं तसा. "हा तं गाडीवरचा आवाज होय. आमी घरधन्याले विचारलं."

"हे आमचे आहेत, बाई," माझी बायको म्हणाली. "मागच्या दाराने गेलेत." पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला इतक्या सहज कधी विकलं नव्हतं.

"सोंगाड्या," नर्सबाई म्हणाल्या, "गप उभा राय आता." आणि त्यांनी सगळ्यांना खूण केली असावी, कारण पुन्हा तोच प्रश्न आला. "जागा हाय का?"

नाटकात संवाद विसरला तर प्रॉम्प्टर असतो. इथे मीच प्रॉम्प्टर होतो आणि मलाच पकडलं होतं. मी कडीकडे हात नेला. म्हटलं, उघडून टाकू दार, जाऊ दे नियम. तेवढ्यात मागे आतलं दार करकरलं.

दादा उभा होता. पायजम्यातला तो माणूस म्हणजे खुंटीवर टांगलेला पायजमाच होता. चेहऱ्यावरचा दुपट्टा त्याने घेतला नव्हता. डावीकडे जिथे जबडा असायला हवा तिथे गाल आत ओढलेला, टाक्यांची जाड रेघ कानापर्यंत गेलेली, ओठ एका बाजूला लोंबलेला. चार महिन्यांत मी त्याचा चेहरा असा पूर्ण पाहिला नव्हता. भिंतीकडे तोंड करून तो पडायचा, त्याची मला सोयच झाली होती, हे तेव्हा कळलं.

तो हळूहळू चालत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, मारणार. त्याने हात उचलला आणि तळवा माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. त्याच्या हाताला औषधाचा आणि नासलेल्या दुधाचा वास येत होता. मी नाकाने श्वास घेत उभा राहिलो.

बाहेरून तिसऱ्यांदा विचारलं गेलं. मग थंडीने पाय आपटल्याचे आवाज. दूर कुठेतरी मळणीयंत्र चालू होतं, ते बंद झालं.

"बाई, तुम्ही तरी बसा," कोणीतरी म्हणालं. "खुर्ची आणली आहे."

"कुठली खुर्ची?"

"यांच्याच दुकानातली."

"नाही बसत. याईच्या खुर्चीवर बसून माझ्या नवऱ्याची कंबर गेली होती."

बाहेर हसू उठलं, दबकं. माझ्या तोंडावरचा हात थरथरायला लागला. रडतो आहे, असं वाटून मी डोळे वर केले. त्याचे खांदे हलत होते. दादा हसत होता. आवाज न करता, गालावरून लाळ ओघळत होती ती न पुसता. त्या खुर्च्या त्यानेच पसंत करून आणल्या होत्या. मी तेव्हाही सांगितलं होतं, पाय कच्चे आहेत म्हणून.

ते हसू दाबता दाबता त्याच्याकडून आवाज निघून गेला.

उन्हाळ्यात हातपंपाचा दांडा मारला की आधी पाणी येत नाही, खोलातून नुसती हवा घरघरत वर येते. तसा. त्याला अक्षरं नव्हती. तो स्वतःच दचकला. हात माझ्या तोंडावर तसाच होता, बोटं गालात रुतली. बाहेरचं हसू थांबलं. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणणार, याला काहीतरी होऊन राहिलं, पळा. दादालाही तेच वाटलं असणार. त्याने डोळे मिटून घेतले होते.

कोणी पळालं नाही. कोणी काही म्हणालंही नाही. ते उभे होते. विचारून झालं होतं आणि उत्तर यायचं होतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दादाने श्वास घेतला. दोन श्वास घेतले. आणि मुद्दाम, पोटातून, तोच आवाज पुन्हा काढला. या वेळी लांब.

"आयकू आलं," नर्सबाई म्हणाल्या. "चपला बाहेरच काढा रे, घर सारवलेलं हाय."

कडी त्याने स्वतः काढली. माणसं एकेक करून आत आली. मी, इतकी वर्षं लोकांसमोर तोंड रंगवून उभा राहिलेला माणूस, जमिनीकडे बघत होतो. बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, रोज पाहतात तसं. नर्सबाईंनी त्याची हनुवटी, जेवढी होती तेवढी, दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे वळवली. "टाके बरे पडले. लाळ गळते ते गळू दे. जल्मलेल्या लेकराची बी गळतेच."

आम्ही गीत म्हटलं. दादाने म्हटलं नाही. परातीच्या कडेवर बोटांनी ताल धरला, धानाचे दाणे उडत होते. चारही मेणबत्त्या लागल्या, माझी गुलाबी पुन्हा तडतडली आणि घरभर तो वास. दादाने वाकून तिला बोट लावलं, बोटाला लाली लागली, ती त्याने माझ्या नाकाला पुसली. वहिनी हसता हसता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

लोक शिंगाडे सोलत बसले होते तेव्हा त्याने पाटी मागितली. लिहून माझ्या मांडीवर ठेवली. "गाडीवर आता तू तुझ्या आवाजात बोल. फाटका आहे. चालेल."

त्या संध्याकाळी त्याने नळीतून वाटीभर दूध घेतलं. नंतर अर्धी वाटी आणखी मागितली.

मी इथेच थांबलो तर तुम्ही खूश होऊन घरी जाल. पण रोग परत आला, मानेत. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या आधी दादा गेला. मधले महिने मात्र तो ओट्यावर बसायचा, उन्हात, दुपट्टा न घेता. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच हातपंपाच्या आवाजात हाक मारायचा. काही जण दचकायचे, त्यांना तो पुन्हा हाक मारायचा, मुद्दाम. दूध तो शेवटपर्यंत घेत होता.

त्याच्या जाण्याचा पुकारा मलाच करायचा होता. ऑटोत बसलो, माइक हातात घेतला. त्याचा आवाज घशात तयार होता, न बोलावता आलेला. सगळ्यांनी थांबावं असं त्याच आवाजात म्हणता आलं असतं आणि सगळे थांबले असते. मी माझ्या आवाजात सांगितलं. पहिल्याच वाक्यात फाटला. आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर एक म्हातारा जाळं वाळत घालत होता. त्याने मान वर करून विचारलं, "हा कोन नवा?"

"त्याचा भाऊ," मी माइकवरच म्हणालो.

त्याने जाळं खाली ठेवलं आणि उभा राहिला.

या डिसेंबरात चौथा रविवार पुन्हा त्याच दारात होता. मी बाहेर होतो, सगळ्यांसोबत, नर्सबाईंची खुर्ची धरून. या वर्षी त्या बसल्या. आत वहिनी एकटी. आम्ही विचारलं, "जागा हाय का?" उत्तर आलं नाही. थंडी होती. माझ्या डोक्यात चार वेगवेगळ्या आवाजांत चार उत्तरं तयार होती. बायकोने माझा दंड धरून ठेवला.

आम्ही पुन्हा विचारलं. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, पावलं आली, दाराशी येऊन थांबली.

"हाव," वहिनी म्हणाली. मग थोडं थांबून, "हाय. या."